कुत्र्याची आंघोळ, तुंबणारी न्हाणी आणि पाण्याआधीचं काम

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गोव्यात पर्वरीला दुसऱ्या मजल्यावर भाड्याचा फ्लॅट, तीन वर्षांचा लॅब्रॅडोर. दर रविवारी तो किनाऱ्यावर जाऊन येतो आणि आल्या आल्या बाथरूममध्ये शॉवरखाली त्याची आंघोळ होते. काही आठवड्यांत पाणी उतरेनासं होतं, प्लंबर येऊन मोकळं करून जातो, आणि पुन्हा तेच. जाळीवर बारीक जाळी टाकून पाहिली तर पाणी घोट्यापर्यंत साचलं. घरमालक म्हणतो कुत्र्याला गॅलरीत धुवा. कुणी कॉस्टिक सोडा ओतायला सांगितलंय, तो ओतू का, असं तुम्ही विचारलंय.

शेवटच्या दोन गोष्टी आधी सांगते, कारण त्यात घाई झाली तर नुकसान होईल. कॉस्टिक ओतू नका आणि गॅलरीत धुवू नका. दोन्हींची कारणं पुढे येतील.

मी बार्देश आणि तिसवाडीत घरोघरी जाऊन कुत्र्यांना आंघोळ घालणं, विंचरणं, नखं कापणं हे काम करते. म्हणजे कुत्रा त्यांचा, न्हाणीघरही त्यांचंच, आणि काम संपल्यावर पाणी नीट उतरतंय हे बघितल्याशिवाय मला तिथून निघता येत नाही. त्यामुळे कुत्र्यांच्या केसांइतकीच लोकांच्या ट्रॅपची, म्हणजे न्हाणीच्या जाळीखालच्या भांड्याची, ओळख झाली आहे.

तुम्ही प्रश्न "केस गटारात जाऊ नयेत म्हणून कोणती जाळी लावू" असा मांडलाय. माझ्या मते खरा प्रश्न जाळीचा नाही. ओल्या अंगावरून एकाच वेळी ढीगभर केस सुटतात, त्यांच्याबरोबर वाळू आणि शांपू येतो, आणि हे सगळं शॉवरच्या जोरात पाचेक मिनिटांत एका लहान भोकाकडे धावतं. तिथे कुठलीही जाळी हरणारच. जे केस आंघोळीत सुटणार आहेत ते पाणी लागण्याआधीच काढून घेतले, तर जाळीवर काम थोडंच उरतं. तुंबणं थांबतं ते ब्रशमुळे. जाळी त्याच्या मागे उभी राहते, एवढंच.

ट्रॅपमध्ये नेमकं काय होतं ते बघा, म्हणजे पुढचं पटेल. आपल्या बाथरूमच्या जमिनीतला तो नहाणी ट्रॅप म्हणजे वाकडी वाट असलेलं एक भांडं. त्यात साधारण ५० मिलिमीटर पाणी कायम साचून राहावं अशी रचना असते, म्हणजे गटाराचा वास आणि झुरळं वर येत नाहीत. हे साचलेलं पाणीच जड वस्तू खाली बसवतं. गिरी गावात एका घरी पॉमेरेनियनच्या आंघोळीनंतर पाणी अडलं म्हणून आम्ही जाळी उचलून आतली वाटी काढली. हाताला जो गोळा लागला तो बाहेरून काळा, बुळबुळीत आणि वासाचा होता. दोन्ही अंगठ्यांनी फोडला तर आतले केस अजून पांढरेच्या पांढरे. खाली तळाला बोटभर बारीक वाळू आणि तांबडी माती घट्ट बसलेली, आणि केसांची टोकं त्या मातीत रुतलेली. नुसते केस असते तर पाण्याच्या धक्क्याने थोडेफार पुढे सरकले असते. वाळूने त्यांना धरून ठेवलं, आणि साबणाच्या मळीने आणि तेलाने त्यांना एकत्र चिकटवलं.

तेल म्हणजे खोबरेल. आपल्याकडे कातडी कोरडी पडली, खाज आली की कुत्र्याला खोबरेल चोळायची सवय आहे. पाय फुटले तर पंज्याला थोडं लावायला हरकत नाही, पण सगळ्या अंगाला तेल लावून दुसऱ्या दिवशी आंघोळ घातली की ते तेल केसांसकट ट्रॅपमध्ये जातं. तुम्ही लावत असाल तर आधी ते बंद करा.

आता परिस्थितीवर काय काय अवलंबून आहे ते. एक म्हणजे कुत्र्याची जात. लॅब, गोल्डन, जर्मन शेफर्ड, पॉम, हस्की यांना दुहेरी केस असतात: वर राठ, लांब केस आणि आत मऊ दाट लव. लॅबचे पूर्वज न्यूफाउंडलंडच्या गार समुद्रात कोळ्यांबरोबर काम करायचे. त्या पाण्यासाठी बनलेली ही लव तेलकट आणि इतकी दाट असते की पाणी कातडीपर्यंत सहज पोहोचतच नाही. थंड देशात ती ऋतूप्रमाणे झडते. गोव्यात थंडी नावापुरती आणि दिवस लहान-मोठा होण्यातही फारसा फरक नाही, त्यामुळे लॅब बारा महिने गळत राहतो, काही आठवडे जरा जास्त. शित्झू, ल्हासा, पूडल यांचं उलट आहे. त्यांचे केस वाढत राहतात, कमी गळतात, पण गुंतून गाठी होतात. आपला गावठी कुत्रा आणि बीगल यांचे केस आखूड आणि ताठ असतात. ते जाळीच्या भोकातून सुईसारखे निसटतात, पण संख्येने लॅबपेक्षा कमी. तुमचा लॅब म्हणजे या बाबतीत सगळ्यात कठीण गिऱ्हाईक.

दुसरं, घर कसलं आहे. फ्लॅटमध्ये बाथरूमचा स्लॅब खाली घेतलेला असतो आणि त्यात ट्रॅपपासून शाफ्टपर्यंतचा, म्हणजे इमारतीचे उभे पाइप जातात त्या जागेपर्यंतचा, पाइप जवळजवळ आडवा जातो. उतार कमी असला की केस तिथे रेंगाळतात. शिवाय नव्या इमारतींत मिस्त्री कधीकधी सिमेंटचा राडा ट्रॅपमध्येच सोडून जातात. तसं झालं असेल तर तुमच्या कुत्र्याने सुरुवात केलीच नाही, वाट आधीपासून अर्धी बुजलेली आहे. म्हणून पुढच्या वेळी प्लंबर आला की त्याच्याकडून फक्त पाणी चालू करून घेऊ नका. वाटी काढून ट्रॅपच्या तळाशी हात घालून बघायला सांगा. तळ खरखरीत, दगडासारखा लागला तर ते सिमेंट आहे, आणि ते काढायची जबाबदारी घरमालकाची. हे त्याच्याशी बोलताना उपयोगी पडेल.

आता ब्रश. इथे मी वेळ घेणार आहे, कारण तुम्हीही इथेच वेळ द्यायचा आहे.

आंघोळीच्या आधी, अंग पूर्ण कोरडं असताना विंचरायचं. ओली लव एकमेकांना चिकटते, गाठ असेल तर पाण्याने ती आवळते, आणि ओल्या कातडीवर ब्रश ओढला तर दुखतंही. लॅबसाठी दोन साधनं पुरतात. एक रबरी ब्रश, जाड बोथट दातांचा, तळहातात अडकवायचा. दुसरा लव काढायचा रेक, म्हणजे लांब, विरळ, टोकं गोल केलेल्या दातांचा. ब्लेड असलेली जी साधनं मिळतात ती जपून वापरा. ती जोराने ओढली की वरचे चांगले केस कापून काढतात, आणि ढीग बघून आपल्याला वाटतं वा, किती निघालं.

सुरुवात रबरी ब्रशने गोल फिरवत, मानेपासून शेपटीकडे. याने सुटलेले केस आणि कोरडी वाळू वर येते. मग रेक. एका हाताने कातडी हलकेच ताणून धरा आणि दुसऱ्या हाताने केसांच्या दिशेने लहान लहान ओढ घ्या. लांब ओढ घेतली तर रेक वरवर घसरतो. लॅबची लव सगळ्यात जास्त कुठे असते? मांड्यांच्या मागे, शेपटीच्या मुळाशी, गळ्याखाली आणि खांद्यांच्या मागे. लोक पाठ विंचरतात आणि थांबतात, कारण पाठ समोर दिसते. तुमची न्हाणी तुंबवणारी लव मांड्यांमागून येते. तिथे रेक फिरवला की फिकट, राखी, कापसासारखे झुपके बाहेर येतील. ते वरच्या केसांपेक्षा रंगाने वेगळे असतात, ओळखायला सोपे.

कधी थांबायचं? हात केसांच्या उलट दिशेने फिरवा. हवेत लव उडायची थांबली आणि रेकच्या पाच-सहा ओढींत चार केसच येऊ लागले की पुरे. पूर्ण टक्कल पडेपर्यंत काढायचं नाही. पहिल्या वेळी लॅबला अर्धा तास लागेल. आठवड्यातून दोनदा दहा-दहा मिनिटं करत राहिलात तर आंघोळीच्या दिवशी पंधरा मिनिटांत होतं. हे गॅलरीत किंवा खाली पार्किंगच्या कोपऱ्यात जुन्या चादरीवर करा, म्हणजे चादर गुंडाळून केस एका झटक्यात कागदात बांधता येतात. केस कमोडमध्ये टाकून फ्लश करू नका. तिथल्या पाण्याबरोबर ते पुढे जातात आणि चेंबरमध्ये कागद, कपडा असं काही ना काही धरून बसतात.

विंचरताना गोचीड दिसली तर बोटांत चिरडू नका आणि न्हाणीत टाकू नका. पाण्यात ती सहज मरत नाही. लहान बाटलीत स्पिरिट घेऊन त्यात टाकायची. गोव्यात गोचिडींमुळे कुत्र्यांना एर्लिकिया आणि बबेसियासारखे ताप होतात, तेव्हा सारख्या दिसू लागल्या तर डॉक्टरांना दाखवा.

मे महिन्यात "सगळे केस उडवून टाका, कुत्र्यालाही थंड आणि न्हाणीलाही आराम" असं मला बरेच जण सांगतात. दुहेरी केसांच्या कुत्र्याला मी मशीन लावत नाही. ते केस उन्हापासूनही राखतात, आणि कापल्यावर काहींना परत नीट येत नाहीत, ठिगळं पडतात. शिवाय कापलेले आखूड तुकडे जाळीतून जास्त सहज जातात.

किनाऱ्याचं वेगळं. वाळू घरात येताच कामा नये. समुद्रावरून परतताना पाच-पाच लिटरचे दोन कॅन गोडं पाणी गाडीत ठेवा. तिथेच, वाळू संपते तिथे, पंजे, पोट आणि मांड्यांची आतली बाजू धुवा, कारण वाळू तिथेच अडकते. जाडसर टॉवेलने पुसा. पाठीवरची वाळू सुकली की आपसूक झडते, ओली चोळत बसू नका. एवढं केलं की त्या रविवारी शांपूची आंघोळ लागतच नाही. मीठ अंगावर राहिलं तर खाज येते, पण ते जायला साधं गोडं पाणी पुरतं. दर आठवड्याला शांपू लावला तर अंगाचं नैसर्गिक तेल जातं, कातडी कोरडी पडते, मग कुणीतरी खोबरेल चोळतं, आणि ते तेल पुढच्या आंघोळीत ट्रॅपमध्ये पोहोचतं. निरोगी लॅबला शांपूची आंघोळ साधारण महिन्यातून एकदा पुरते. कातडीचा आजार असेल तर डॉक्टर सांगतील तसं. माणसांचा शांपू नको. कुत्र्याची कातडी आपल्यापेक्षा कमी आम्ल असते, तिला तो मानवत नाही.

आता प्रत्यक्ष आंघोळ.

तुमची बारीक जाळी का तुंबली ते आता लक्षात आलं असेल. सपाट जाळीचं क्षेत्रफळ हातभरसुद्धा नाही. पहिल्याच पाण्यात केसांचा थर तिच्यावर बसतो, पाणी वर चढतं, कुत्रा घाण पाण्यात उभा राहतो, आणि घाईत कुणीतरी जाळी उचलतं. तेवढ्या एका क्षणात साठवलेलं सगळं आत जातं. जाळीला उंची द्या. भाजी धुवायची लहान प्लॅस्टिकची भोकांची टोपली घ्या, तिला बाहेरून जुन्या नायलॉनच्या मच्छरदाणीचा तुकडा गुंडाळून रबराने बांधा, आणि ती जाळीवर उपडी ठेवा. वर दगड. आता पाणी चारही बाजूंनी आत येतं. खालचा भाग केसांनी भरला तरी वरून वाट असते. मच्छरदाणी सुती नको, नायलॉनचीच हवी. सुती कापड भिजून फुगतं आणि पाणी धरून ठेवतं.

शॉवर बंद. बादली आणि मग. लॅबला दोन बादल्या आणि नीट विंचरलेला असेल तर त्याहून थोडं कमी पाणी पुरतं. मगाने पाणी घातलं की वेग तुमच्या हातात राहतो, आणि पाणी टोपलीपर्यंत सावकाश येतं, वाटेत केस लादीवरच बसतात. कुत्र्याच्या पायाखाली भोकांचा रबरी मॅट टाका. तो घसरणार नाही, आणि भोकांच्या कडांना बरेचसे केस अडकतील.

पहिलं पाणी शांपूशिवाय. बोटं उलट दिशेने फिरवत पाणी कातडीपर्यंत पोहोचवा, लॅबला याला वेळ लागतो. उरलेले सुटे केस बहुतेक याच पाण्यात येतात. इथे थांबा. लादीवरचे केस हाताने गोळा करा, टोपलीवरचा थर सोलून काढा. मग शांपू. क्रम असाच ठेवा, कारण फेसात केस निसरडे होतात, कशालाच धरून राहत नाहीत आणि बारीकशा फटीतूनही जातात. फेस येईपर्यंत केस उचललेले असावेत. शांपू थेट अंगावर ओतू नका. मगभर पाण्यात एक-दोन झाकणं मिसळून घ्या. सगळीकडे सारखा पसरतो, लवकर धुतला जातो, कमी लागतो. डॉक्टरांनी दिलेला औषधी शांपू असेल तर लेबलवर लिहिलंय तेवढी मिनिटं अंगावर ठेवायचा, त्यात काटकसर नको.

धुऊन झालं की कुत्र्याला तिथेच पिळून काढा: दोन्ही हातांनी मानेपासून खाली, पायांवरून, शेपटीवरून पाणी निपटून घ्या. मग टॉवेल. त्या टॉवेलला भरपूर केस लागतील. तो तसाच वॉशिंग मशीनमध्ये टाकू नका, नाहीतर न्हाणी मोकळी आणि मशीनचा फिल्टर बंद. सुकू द्या, गॅलरीबाहेर न झटकता घरातच ब्रशने केस काढा, मग धुवा. कुत्रा पूर्ण सुकल्यावर पुन्हा पाच मिनिटं विंचरा. आंघोळीने सैल झालेली लव दुसऱ्या दिवशीपर्यंत पडत असते.

टोपली काढायची शेवटी, पाणी पूर्ण उतरल्यावर, आणि उलटी न करता. उपडी आहे तशीच अलगद उचलून थेट कागदावर. मग अर्धी बादली कोमट पाणी एका दमात ओता, ट्रॅपमधला शांपू पुढे जातो. उकळतं नको, पीव्हीसीचा पाइप त्याने मऊ पडतो.

एवढ्यात ब्रश, वाळू आणि टोपली झाली. आता ज्याच्याकडे कुणाचंच लक्ष नसतं ते. तुमची लादी रोज पुसली जाते. त्या बादलीतलं पाणी कुठे जातं? बहुतेक घरांत ते त्याच बाथरूममध्ये ओततात. लॅबच्या घरात त्या पाण्यात रोज मूठभर केस, धूळ आणि वाळू असते, आणि ते गाळणीशिवाय, बादलीच्या जोराने थेट जाळीवर पडतं. महिन्यातून चार आंघोळी आणि तीस बादल्या! काही घरांत मी आंघोळीचा सगळा बंदोबस्त नीट केला तरी तुंबणं थांबेना. बघितलं तर कारण ही बादली. आधी कोरडा झाडू किंवा व्हॅक्यूम, मग पुसणं, आणि पाणी ओतताना तीच मच्छरदाणीची टोपली. घरकामाला कुणी येत असेल तर तिला टोपली कुठे असते हे दाखवून ठेवा.

सध्या तुंबलेलं आहे ते कसं काढायचं? आधी जाळी उघडते का बघा. बऱ्याच फ्लॅटमध्ये ती पांढऱ्या सिमेंटने लादीत पक्की केलेली असते, मग कुणीही आत हात घालू शकत नाही आणि प्लंबर वरूनच दाब देऊन निघून जातो. ते सिमेंट कोरून जाळी उचलता येईल अशी बसवून घ्या. खर्च किरकोळ, उपयोग कायमचा. जाळी निघाली की हातमोजे घालून आतली वाटी काढा, केस उपसा, मग तळाची वाळू चमच्याने किंवा लहान पेल्याने बाहेर काढा. वाळू पाण्याने पुढे ढकलू नका, ती आडव्या पाइपमध्ये जाऊन बसेल आणि तिथे तुमचा हात पोहोचणार नाही. पुढे अडलं असेल तर बाजारात मिळणारी प्लॅस्टिकची काटेरी पट्टी आत घालून हळू ओढायची. माडाचा हीर घालू नका, आत तुटला की तोच नवीन अडथळा. रबरी पंप मारायचा तर आधी बेसिनचं भोक ओल्या फडक्याने घट्ट बंद करा. अनेक ठिकाणी बेसिन त्याच ट्रॅपला जोडलेलं असतं आणि दाब तिकडून निसटतो. आणि पंप जपून मारा. खालच्या स्लॅबमधला सांधा सुटला तर पहिल्या मजल्यावरच्यांच्या छताला ओल येईल.

कॉस्टिक सोडा म्हणजे सोडियम हायड्रॉक्साइड. तो केस विरघळवतो, हे खरं आहे. पण वाळू विरघळवत नाही, आणि तुमच्या ट्रॅपमध्ये बहुधा अर्धी वाळूच आहे. पाण्याशी मिसळताना तो प्रचंड तापतो, पाइपचे सांधे बिघडवतो. आधी कुणी टॉयलेट साफ करायचं ॲसिड टाकलेलं असेल तर दोन्ही मिळून उसळून अंगावर येतात. त्याहून महत्त्वाचं म्हणजे तुमचा कुत्रा त्या लादीवर उघड्या पंज्यांनी उभा राहतो आणि नंतर पंजे चाटतो. लादीवर उरलेला थेंबही त्याचं तोंड भाजतो. नुसतं टॉयलेटचं ॲसिड केसांना फारसं काही करत नाही, फक्त सिमेंट आणि लादीचे सांधे खातं. खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र ओतले तर फेस छान येतो, वास थोडा जातो, केस जागचे हलत नाहीत. हाताने काढणं किळसवाणं वाटतं हे मला समजतं, पण ते पंधरा मिनिटांचं काम आहे.

गॅलरी का नको, तर तिथलं भोक बहुतेक इमारतींत पावसाच्या पाण्याच्या पाइपला जोडलेलं असतं. शांपू, केस आणि औषध सरळ रस्त्याकडेच्या गटारात आणि तिथून नाल्यात किंवा शेतात. साध्या शांपूचं एक वेळ ठीक, पण गोचिडींसाठी डेल्टामेथ्रिन किंवा अमिट्राझचं पाणी लावत असाल तर ते माशांना घातक आहे. डेल्टामेथ्रिनसारखी औषधं मांजरालाही सोसत नाहीत. ही औषधं डॉक्टरांनी सांगितलेल्या प्रमाणातच, आणि ते पाणी विहीर, तळी, ओहोळ यांच्यापासून लांब. औषध लावलेल्या कुत्र्याचे केस पक्ष्यांना घरट्यासाठी म्हणून झाडावर ठेवायची पद्धत काहींनी सुरू केली आहे, तीही नको.

हे वाचणाऱ्या बाकीच्यांपैकी ज्यांचं स्वतःचं घर आणि परस आहे त्यांनी अर्थातच बाहेर, धुण्याच्या दगडावर, सकाळी दहाच्या उन्हात आंघोळ घालावी. पाणी माडाच्या किंवा केळीच्या आळ्यात सोडता येतं, फक्त विहिरीच्या कठड्याजवळ नको. पणजी, मडगाव, वास्को यांचा काही भाग सोडला तर गोव्यात बहुतेक घरांना सेप्टिक टाकी आणि शोषखड्डाच आहे. केस तिथे सहजासहजी कुजत नाहीत, शोषखड्ड्याच्या तोंडाशी थर धरतात. न्हाणीचं पाणी जिथे बाहेर पडतं त्या चेंबरला एक उचलता येणारी जाळी बसवून घ्या आणि महिन्यातून एकदा उघडून बघा.

पावसाळ्याबद्दल मात्र एक वेगळी गोष्ट, तुमच्यासाठीही. आपल्याकडे वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर. जमिनीतलं पाणी वर येतं, शोषखड्डा भरलेला राहतो, आणि बाथरूमचं पाणी सावकाश उतरतं. तेव्हा केसांना दोष देऊन ट्रॅप उपसत बसू नका. ओळख अशी: एकाच बाथरूमचं पाणी अडत असेल तर केस किंवा वाळू. स्वयंपाकघर, बेसिन, सगळीकडे एकदम मंद झालं आणि मोठ्या सरीनंतर जास्त जाणवलं, तर अडथळा बाहेर आहे. तुमची इमारत सेप्टिक टाकीवर असेल तर तो सोसायटीचा प्रश्न, तुमच्या लॅबचा नाही. त्या चार महिन्यांत आंघोळी तशाही कमी करा, कारण लॅबची लव या हवेत दिवसभर ओली राहते आणि ओल्या लवेखाली बुरशी धरते. विंचरणं मात्र कमी करू नका. आंघोळ घातलीच तर पंख्याखाली आणि टॉवेलने मांड्यांच्या मागचा भाग बोट घालून कोरडा लागेपर्यंत सुकवा.

या रविवारी आंघोळ घालण्याआधी ट्रॅप एकदा उघडून तळ बघा आणि काय निघालं ते कळवा. वाळू निघाली तर वर सांगितलेलं पुरेल. सिमेंट निघालं तर फोटो काढून आधी घरमालकाला पाठवा, बाकीचं त्यानंतर.